ताबा नेमका कुठे सुटतो?
पुणे-नाशिक महामार्ग, माळशेज घाट आणि अपघातामागचे गणित

'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात झाला.' जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून येणाऱ्या अपघाताच्या बातम्यांत हे वाक्य इतक्या वेळा येते की, वाचकाची नजर त्यावर थांबतही नाही. फिर्यादीत ते असते, पंचनाम्यात असते आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकातही असते. वास्तविक या वाक्याने अपघाताचे कारण सांगितले जात नाही. अपघात घडला, एवढेच वेगळ्या शब्दांत सांगितले जाते. ताबा का सुटला, कधीपासून सुटत आला होता आणि तो सुटू नये म्हणून कोणी काय करू शकले असते, हे प्रश्न तसेच राहतात.

१७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावजवळ एका टेम्पोची धडक बसून प्रवासी वाहन रस्त्यालगत उभ्या असलेल्या एसटी बसवर आदळले. नऊ जणांचे प्राण गेले. घाट नव्हता, रात्र नव्हती. दोन्ही तालुक्यांतील माणसे रोज ज्या रस्त्याने बाजाराला, शाळेला आणि कामाला जातात, त्याच रस्त्यावर हे घडले. अशा प्रत्येक घटनेनंतर 'चालक बेदरकार' आणि 'रस्ता सदोष' अशी दोन मते ऐकू येतात. वाहतूक मानसशास्त्राचा गेल्या काही दशकांतील अभ्यास सांगतो की, या दोन्हींकडे वेगवेगळे पाहणे हीच मुळात चूक आहे.

दोन पारडी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन आणि अभियंता लॉरेन्स क्रुक्स यांनी १९३८ मध्ये एक निबंध लिहिला. वाहन चालविणाऱ्या माणसासमोर प्रत्येक क्षणी सुरक्षित वाटचालीचे एक क्षेत्र पसरलेले असते आणि चालक त्या क्षेत्राच्या आत राहण्याचा सतत प्रयत्न करीत असतो, असे त्यांनी मांडले. समोरचे वाहन, वळण, कडेने चाललेला माणूस यांमुळे हे क्षेत्र आक्रसते; रस्ता मोकळा झाला की विस्तारते.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील मानसशास्त्रज्ञ रे फुलर यांनी २००० नंतरच्या काळात हा विचार पुढे नेला. त्यांची मांडणी तराजूच्या दोन पारड्यांसारखी आहे. एका पारड्यात रस्ता त्या क्षणी चालकाकडून जे मागतो ते. त्यात रस्त्याची रुंदी, वळण, उजेड, पाऊस, इतर वाहने, आपल्या वाहनाची अवस्था आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपला वेग येतो. दुसऱ्या पारड्यात चालकाची त्या क्षणाची क्षमता. दृष्टी, प्रशिक्षण आणि अनुभव ही तिची मूळ पुंजी. थकवा, झोप, मद्य, चिंता, घाई आणि मोबाइल ही तिच्यातून होणारी वजावट.

क्षमता मागणीपेक्षा अधिक आहे तोवर वाहन चालकाच्या ताब्यात असते. दोन्हींमधील अंतर जेवढे मोठे, तेवढी चुकीला जागा अधिक. मागणी क्षमतेच्या वर गेली की ताबा सुटतो. मग समोरच्याने वाचविले किंवा नशिबाने साथ दिली तर ठीक, अन्यथा अपघात.

या मांडणीतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. चालक 'चांगला' की 'वाईट' हा प्रश्न अपुरा आहे. तोच चालक, तेच वाहन, तोच रस्ता. सकाळी आठला सुरक्षित असेल आणि रात्री अकराला नसेल. फरक माणसात नसतो, दोन पारड्यांतील अंतरात असतो.

एकाच रस्त्याची अनेक रूपे

पुण्याहून निघालेले वाहन खेड घाट ओलांडून आंबेगाव तालुक्यात शिरते. पेठ, मंचर, कळंब ओलांडले की जुन्नर तालुका लागतो. पुढे नारायणगाव आणि आळेफाटा. नकाशावर ही एकच रेघ आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५० आणि आता क्रमांक ६०. चालकासाठी मात्र हे अनेक रस्ते आहेत.

चौपदरी, दुभाजक असलेल्या पट्ट्यावर रस्ता चालकाकडून फारच थोडे मागतो. समोरून वाहन येत नाही, वळणे सौम्य असतात. वेग आपसूक वाढतो आणि लक्ष आपसूक सैल होते. त्यातच एखादा फाटा येतो. दुभाजकाच्या फटीतून दुचाकीस्वार आडवा येतो. पेट्रोल पंपावरून निघालेला पिकअप लांबचा वळसा टाळण्यासाठी उलट दिशेने कडेने येतो. शेतमजूर स्त्रियांचा गट रस्ता ओलांडण्यासाठी दुभाजकात उभा असतो. क्षणभरापूर्वी जवळजवळ काहीच न मागणारा रस्ता दोन-तीन सेकंदांत सर्व काही मागू लागतो.

या भागाचे अर्थकारणच अशा संमिश्र वाहतुकीवर उभे आहे. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा बटाटा, आळेफाट्याचा कांदा हे सारे या रस्त्याने मुंबई-पुण्याकडे जाते. ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांतील दोन स्थाने जुन्नर तालुक्यात, तर भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग पश्चिमेला. शनिवार-रविवारी शहरातील मोटारींची रांग लागते. ऊसतोडणीच्या हंगामात भीमाशंकर आणि विघ्नहर या सहकारी साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी मोटार, पन्नासने जाणारी दुचाकी, वीसने जाणारा ट्रॅक्टर आणि पायी चालणारा माणूस, सारे एकाच डांबरावर.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालातील एक आकडा येथे आठवावा. त्या वर्षी देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांतील सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यांवर झाले. रस्त्यांचा बहुतांश भाग सरळच असतो, हे खरे. तरीही 'धोका वळणावर असतो' ही समजूत तपासून घ्यावी, एवढे या आकड्यातून नक्कीच सूचित होते. वळण दिसते म्हणून चालक सावध होतो. सरळ रस्ता त्याला निर्धास्त करतो.

वेग : चालकाच्या हातातील एकमेव कळ

रस्त्याच्या पारड्यातील बहुतेक गोष्टी चालकाच्या हातात नसतात. पाऊस त्याने पाडलेला नसतो, फाटा त्याने काढलेला नसतो. त्याच्या हातात असतो तो वेग. वेग कमी केला की तोच रस्ता, तीच गर्दी, तोच अंधार चालकाकडून कमी मागू लागतो. कारण पाहायला, समजायला आणि कृती करायला अधिक वेळ मिळतो.

भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था रस्त्यांच्या आखणीसाठी मानके ठरविते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाला अडीच सेकंद लागतील, असे तिने गृहीत धरले आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने अडीच सेकंदांत वाहन सुमारे ५५ मीटर पुढे जाते, तेही ब्रेकला पाय लागण्यापूर्वी. थांबण्यासाठी लागणारे एकूण अंतर ताशी ४० किलोमीटरला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर धरले जाते. वेग ४० वरून ८० झाला, म्हणजे दुप्पट झाला. थांबण्याचे अंतर मात्र जवळजवळ तिप्पट झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. पादचाऱ्याच्या बाबतीत हिशेब आणखी कठोर आहे. मोटारीच्या धडकेचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर पादचारी दगावण्याची शक्यता साडेचार पटींनी वाढते. 'फक्त पंधराच तर जास्त होता' या समर्थनाला म्हणूनच काही अर्थ नाही.

दुपदरी रस्त्यावर ओलांडून पुढे जाण्याची कसरत तर सर्वांत अधिक मागणारी. कल्याणहून माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, आणे या मार्गे अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर दुभाजक नसलेल्या पट्ट्यांत तिचा अनुभव येतो. रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार ताशी ८० किलोमीटर वेगाच्या दुपदरी रस्त्यावर सुरक्षितपणे ओलांडण्यासाठी समोरचे ४७० मीटर स्पष्ट दिसणे आवश्यक आहे. याचे कारण साधे आहे. आपण आणि समोरून येणारा दोघेही ८० ने जात असू, तर परस्परांतील अंतर दर सेकंदाला ४४ मीटरने घटते. चारशे मीटर नऊ सेकंदांत संपतात. समोरचे वाहन किती वेगाने जवळ येत आहे, याचा अंदाज लांबून घेण्यात मानवी डोळा फार कच्चा आहे. अनुभवी चालकही याला अपवाद नाही.

ऊस, ट्रॉली आणि अंधार

याच मर्यादेचा दुसरा प्रत्यय हिवाळ्याच्या रात्री येतो. उसाने भरलेली ट्रॉली पुढे संथ गतीने चालली आहे. मागचा दिवा उसाच्या वाढ्यांनी झाकला गेला आहे किंवा मुळातच नाही. मागून मोटार ८० ने येत आहे. समोरून वाहने येत असल्याने मोटारीचा दिवा डिपरवर आहे. अशा खालच्या झोतात काळपट, न चमकणारी वस्तू साधारण पन्नास-साठ मीटरवर आल्यावरच नीट दिसते.

आता गणित मांडावे. चालक अत्यंत तत्पर आहे आणि त्याला प्रतिक्रियेसाठी एकच सेकंद लागला, असे मानले तरी ८० च्या वेगात थांबायला नव्वद मीटरच्या वर अंतर लागते. ट्रॉली उभी असेल तर धडक अटळ. ट्रॉली २० ने चालत असली तरी वेगातील फरक ६० चा राहतो. म्हणजे पन्नास मीटरचे अंतर तीन सेकंदांत संपते. पुढे काय आहे, ते चालते आहे की उभे आहे, बाजूने जायला जागा आहे का, हे सारे त्या तीन सेकंदांत ठरवायचे. येथे चालकाचे कौशल्य कमी पडले असे म्हणता येईल का? दिव्याच्या आवाक्यापलीकडचा वेग त्याने ठेवला ही त्याची चूक. पण ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी असती, तर तीच ट्रॉली त्याला कितीतरी आधी दिसली असती. पट्टीचा खर्च किरकोळ असतो. तिने मिळणारे चार-पाच सेकंद दुसऱ्या कोणत्याही मार्गाने विकत घेता येत नाहीत.

रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभी केलेली वाहने हीही याच प्रकारची अडचण. पंक्चर झालेल्या ट्रकमागे दगड आणि झाडाची फांदी ठेवण्याची पद्धत अजून दिसते. फांदी दिवसा दिसते. रात्री ती ट्रकइतकीच काळी असते. उसाच्या पट्ट्यात बिबट्या किंवा अन्य प्राणी अचानक आडवा येण्याची शक्यताही गृहीत धरावीच लागते.

घाट काय मागतो

ठाणे जिल्ह्यातून जुन्नर तालुक्यात चढणारा माळशेज घाट पावसाळ्यात पर्यटकांनी फुलतो. दाट धुके, निसरडा रस्ता, कोसळणारे दगड, आणि त्यात धबधब्याखाली भिजण्यासाठी रस्त्यातच थांबविलेल्या मोटारी. घाट नित्य ओलांडणाऱ्या एसटीच्या किंवा ट्रकच्या चालकाला पुढचे वळण पाठ असते. त्याच्यासाठी मागणीचा मोठा भाग सवयीने आधीच फेडलेला असतो. वर्षातून एकदा येणाऱ्या शहरी चालकाला प्रत्येक वळण नवे. तो शहरात वीस वर्षे गाडी चालवीत असेल. घाटात मात्र नवशिकाच असतो.

घाट उतरताना एका चुकीची किंमत फार मोठी असते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे किंवा इंजिन बंद करणे. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतःच वाहनाला रोखून धरते. ते सोडले की सारा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापले की त्यांची पकड घटते. यालाच नंतर 'ब्रेक फेल झाले' असे म्हटले जाते. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्राला धरूनच आहे. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला प्रथम वाट द्यावी, या नियमामागेही हेच भान आहे. चढावर थांबून पुन्हा निघणे अधिक कठीण, म्हणून कमी भार असलेल्याने थांबायचे.

क्षमता उतरते कशी

रस्त्याकडून चालकाकडे वळू. परवाना मिळाला म्हणजे क्षमता कायमची मिळाली, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती दिवसभरात चढत-उतरत असते.

समजा, एक पिकअपचालक पहाटे पाचला उठला. दिवसभर गावातील माल बाजारात पोहोचविला, संध्याकाळी टोमॅटोचे क्रेट भरले आणि रात्री अकराला वाशीच्या बाजाराकडे निघाला. तोपर्यंत त्याला जागून अठरा तास झालेले असतात. सलग १७ ते १९ तास जागलेल्या व्यक्तीची प्रतिक्रिया आणि एकाग्रता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या व्यक्तीइतकी मंदावते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्याने घातलेली मद्यांशाची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे या चालकाने थेंबभरही घेतलेली नसताना त्याची अवस्था कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या अवस्थेपेक्षा वाईट असू शकते. मद्य शोधण्यासाठी पोलिसांकडे श्वासविश्लेषक असतो. जागरण मोजणारे असे साधन नाक्यावर नसते.

कायदा मात्र झाला. मोटर परिवहन कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशा तरतुदी त्यात होत्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने व्यावसायिक वाहनांच्या चालकांच्या कामाच्या तासांना हीच मर्यादा लागू केली. मात्र ज्या धंद्यात बाजार उघडण्यापूर्वी माल पोहोचला नाही तर भाव पडतो, तेथे घड्याळ चालकाच्या हातात राहत नाही. थकलेल्या चालकाला दोष देताना त्याला वेळेचे बंधन घालणाऱ्याचा विचारही व्हायला हवा.

मोबाइलचा परिणाम अधिक फसवा आहे. वाहन चालविताना फोनवर बोलल्याने अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे कॅनडात १९९७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसले. फोन हातात धरलेला असो वा कानात यंत्र घातलेले असो, फरक पडला नाही. अडचण हाताची नसून मनाची आहे. डोळे रस्त्यावर असतात, पण पाहणारा दुसरीकडे असतो.

कौशल्य वाढले की धोका घटतो?

मग उत्तम प्रशिक्षण हाच उपाय, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रशिक्षण आवश्यक आहेच. नवख्या चालकाला गिअर, आरसा, क्लच यांतच गुंतून राहावे लागते; समोरच्या फाट्यावरचा दुचाकीस्वार वळण्याच्या बेतात आहे, हे ओळखायला त्याच्याकडे लक्ष उरत नाही. पण केवळ हातातील कसब वाढविल्याने धोका घटतोच असे नाही.

नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे विशेष प्रशिक्षण नव्या चालकांना देण्यात आले. अपेक्षा होती अपघात घटण्याची. तरुण पुरुष चालकांमध्ये ते वाढलेले दिसले. म्युनिकमध्ये काही टॅक्सींना चाके घसरू न देणारी ब्रेक यंत्रणा बसविण्यात आली, काहींना नाही. नव्या यंत्रणेच्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत. त्यांचे चालक अधिक आक्रमकपणे गाडी चालवू लागले होते. क्षमता वाढली की माणूस ती शिल्लक म्हणून ठेवत नाही, वेगात खर्च करून टाकतो.

याच्या मुळाशी आहे तो स्वतःविषयीचा अंदाज. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांच्या १९८१ मधील प्रसिद्ध पाहणीत अमेरिकेतील ९३ टक्के सहभागींनी स्वतःला इतरांपेक्षा अधिक कुशल चालक ठरविले होते. सगळेच सरासरीपेक्षा वरचे असू शकत नाहीत, हे सांगायला गणितज्ञाची गरज नाही. आपली क्षमता आणि आपल्याला वाटणारी क्षमता यांत जे अंतर असते, त्यात अनेक अपघात जन्म घेतात. म्हणून खरे प्रशिक्षण 'गाडी कशी सावरावी' यापेक्षा 'सावरण्याची वेळ का आणू नये' हे शिकविणारे असावे. धोका आधी ओळखणे आणि स्वतःची मर्यादा मान्य करणे, हे त्याचे दोन धडे.

रस्त्याने कमी मागावे

माणूस चुकणार, हे गृहीत धरून रस्ता बांधावा, हा विचार स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'शून्य मृत्यू' या धोरणाच्या रूपाने स्वीकारला. त्याचा आशय असा की, चूक झाली तरी तिची शिक्षा मृत्यू असू नये. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्यानंतर तेथे सेव्ह लाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी एकत्रितपणे संरक्षक कठडे, धोक्याच्या जागांची दुरुस्ती, वेगावर नजर आणि तातडीची वैद्यकीय मदत यांवर काम केले. पुढील काही वर्षांत मृत्यूंची संख्या निम्म्याहून कमी झाली. त्या काळात महाराष्ट्रातील चालक बदलले नव्हते. रस्त्याची मागणी आणि चुकीची किंमत बदलली होती.

पुणे-नाशिक मार्गावर गावांना वळसा घालणारे बाह्यवळण रस्ते झाल्याने बाजारपेठांतील कोंडीला उतार पडला. मात्र रुंद रस्त्याची एक दुसरी बाजू लक्षात ठेवावी लागते. रस्ता सोपा झाला की वेग वाढतो आणि बाह्यवळणाचे टोक जेथे जुन्या रस्त्याला मिळते, तेथे वाढलेला वेग आणि गावातील वाहतूक समोरासमोर येतात. रुंदीकरणाबरोबर सेवा रस्ता, पादचारी भुयारी मार्ग, फाट्यांवर दिवे, वेग टप्प्याटप्प्याने उतरविणारे पट्टे आणि योग्य अंतरावर सुरक्षित वळणाची सोय झाली नाही, तर शेतकरी उलट दिशेने येणारच. दोन किलोमीटरचा वळसा टाळण्याची त्याची इच्छा बेशिस्त असेल, पण अनपेक्षित मुळीच नाही. जे अपेक्षित आहे, त्याची सोय आखणीतच असायला हवी.

वाहन चालविणाऱ्याला यातून घेता येण्यासारखे साधे सूत्र असे : मागणी वाढली किंवा क्षमता घटली, की वेग उतरवावा. फाटा आला, पाऊस आला, अंधार पडला की पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा. झोप आली तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून ती जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून वीस मिनिटे डोळे मिटणेच खरे. घाईत असलेल्याने तर अधिकच सावध राहावे, कारण घाई दोन्ही पारड्यांवर एकदम परिणाम करते. ती वेग वाढविते आणि विचार घटविते.

पंचनाम्यापलीकडे

२०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्त्यांवर पंधरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी प्रत्येक मृत्यूची कोठेतरी नोंद झाली आणि बहुतेक ठिकाणी कारणाच्या रकान्यात अतिवेग किंवा चालकाची चूक असे काहीतरी लिहिले गेले. ते खोटे नसेल, पण ते अर्धेच आहे. चालक किती तास जागा होता? पुढच्या वाहनाला मागे दिवा होता का? त्या जागी यापूर्वी किती अपघात झाले? फाट्यावर उजेड होता का? थांबण्यासाठी लागणारे अंतर त्याला दिसत होते का? हे पाच प्रश्न प्रत्येक पंचनाम्यात विचारले गेले, तर पुढचा अपघात टाळण्याची माहिती तेथेच हाती येईल.

नारायणगावजवळच्या त्या सकाळी गेलेली नऊ माणसे स्वतः वाहन चालवीत होती की मागे बसली होती, याने त्यांच्या घरच्यांच्या दुःखात फरक पडत नाही. प्रवाशाच्या हातात ना वेग असतो, ना रस्ता. त्याने दोघांवरही विश्वास टाकलेला असतो. म्हणून 'ताबा सुटला' या शब्दांवर तपास संपता कामा नये. तो तेथून सुरू झाला पाहिजे.